घार गोविंदा, शिंपी मोची

घारीचं नाव गोविंदा आहे. पूर्ण नाव सांगायचं तर मिल्वस मायग्रन्स गोविंदा. बारसं करणारा गोकुळातला नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला: कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२४ साली मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. माणसं, गुरं, पिकं, पाऊस असं सगळं मोजता मोजता त्यानं पक्ष्यांचीही नोंद केली आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. त्या यादीत आपली रोजची घार ‘मिल्वस गोविंदा’ म्हणून दाखल झाली. आता ती या नावाला जागते असंच म्हणावं लागेल. फरक इतकाच की तिला थर लावावे लागत नाहीत, आणि सातपाटीच्या बंदरावर टोपलीतला बोंबील उचलण्याआधी तिचा कुणी विमा उतरवत नाही.

बोईसरजवळच्या बेटेगावात ही माहिती पसरवण्याचं काम एका काकांनी अंगावर घेतलं आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिन्ही पाळ्या करून ते निवृत्त झाले. मुलानं दुर्बीण आणून दिली. पुस्तक त्यांनी स्वतः घेतलं. इमारतीच्या मागे अजून भातखाचरं शिल्लक आहेत, त्यामुळे पक्षी पाहायला गच्चीच्या पलीकडे जावं लागत नाही. पण काकांना पक्ष्यांपेक्षा पुस्तकातली तिरप्या अक्षरांतली नावं जास्त आवडली. आयुष्यभर रसायनांची पिंपं नावं वाचून हलवली, त्याचा परिणाम असावा. काकू म्हणतात, “आधी ॲसिडची नावं घरी आणायचे, आता कावळ्याची आणतात.”

कावळ्याचं नाव खरंच घरात घेण्यासारखं आहे. कॉर्वस स्प्लेंडेन्स, म्हणजे झळाळणारा कावळा. व्हिएयो नावाच्या फ्रेंच पक्षितज्ज्ञानं १८१७ मध्ये हे नाव दिलं. पितृपक्षात गच्चीवर पान मांडून कावळ्याची तासभर वाट पाहणाऱ्याला मात्र हे नाव पटकन पटतं. त्या घटकेला त्याच्याइतकं तेजस्वी दुसरं काही दिसत नसतं.

साइक्सच्या यादीत गोविंदा एकटा नाही. दख्खनच्या माळावरच्या एका चंडोलाला त्यानं थेट ‘देवा’ म्हटलं. आज तो गॅलेरिडा देवा. त्याच्या वर्षभर आधी, १८३१ मध्ये, फ्रँकलिन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या एका चंडोलाचं नाव ठेवलं अलाउडा गुलगुला. म्हणजे एकाच कुळात एक देव आणि एक नैवेद्य. देशावरच्या मोठ्या राखी सातभाईला साइक्सनं मॅल्कमचं नाव दिलं. सर जॉन मॅल्कम १८२७ ते १८३० मुंबईचे गव्हर्नर होते. महाबळेश्वरचं माल्कमपेठ त्यांचंच. सातभाई थव्यानं हिंडतात, एकाच वेळी सगळे बोलतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही. साहेबाला खूश करण्यासाठी पक्षी निवडताना साइक्सनं दरबारात बरीच वर्षं काढली असावीत, असं काकांचं मत. (साहेबांनी पक्षी पाहिला असता तर बढती राहिली असती, हे काकूंचं.)

खाचराच्या बांधावर मान आखडून उभी राहणारी ढोकरी हीदेखील साइक्सचीच. आर्डिओला ग्रेयी हे नाव ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांच्यावरून आलं. हे ग्रे महाशय प्राण्यांइतकेच तिकिटांचे शौकीन. १८४० मध्ये पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं टपाल तिकीट निघालं तेव्हा आपण ते जपून ठेवायला घेतलं, म्हणजे जगातले पहिले तिकीट-संग्राहक आपणच, असा त्यांचा दावा होता. बेटेगावच्या ढोकरीला याचं काही नाही. ती बेडकावर डोळा ठेवून उभी असते.

आता खरी गंमत चुकांची. शास्त्रीय नावाचा कारभार शाळेच्या दाखल्यासारखा चालतो. मास्तरांनी पहिलीत जे लिहिलं तेच पेन्शनपर्यंत. प्राण्यांच्या नावांची मोजणी लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’च्या दहाव्या आवृत्तीपासून, १७५८ सालापासून सुरू होते. तिथून पुढे ज्यानं आधी रीतसर छापलं त्याचं नाव टिकतं. नावाचा अर्थ खोटा निघाला, पत्ता चुकला, तरी तेवढ्यासाठी ते रद्द होत नाही.

त्यामुळे आपला लालबुड्या बुलबुल आजही पिक्नोनोटस कॅफर आहे. स्वीडनमध्ये बसलेल्या लिनियसला १७६६ मध्ये वाटलं की हा पक्षी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा, केप ऑफ गुड होपचा. म्हणून ‘कॅफर’, त्या काळी युरोपीय लोक तिथल्या माणसांना ज्या नावानं हिणवत त्यावरून. बुलबुल बिचारा जन्मभर कढीपत्त्याच्या झाडावर. त्याच वर्षी, त्याच लिनियसनं सुगरणीला फिलिपिनस करून टाकलं. फिलिपाइन्समध्ये सुगरण मूळची नाहीच. ती शिंदीच्या झावळीला खोपे टांगते, आणि पालघर जिल्ह्यात शिंदी, ताड यांना तोटा नाही. संध्याकाळी ताडी उतरवणाऱ्याला कुणी सांगितलं की डोक्यावर लोंबतंय ते फिलिपिनो घर आहे, तर तो बहुधा त्या दिवशी ताडी कुणाला देणार नाही.

दुसऱ्या बुलबुलाचं नशीब चांगलं. डोक्यावर शेंडी, गालावर लाल ठिपका असलेला नारद बुलबुल हा पिक्नोनोटस जोकोसस, म्हणजे थट्टेखोर. लिनियसला नारदमुनी ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी स्वीडनहून नेम बरोबर बसला.

साळुंकीच्या बाबतीत तो साफ चुकला. तिला त्यानं आधी स्वर्गपक्ष्यांच्या गोतात बसवलं आणि वर ‘ट्रिस्टिस’ म्हटलं: उदास. पॅराडायसिया ट्रिस्टिस, म्हणजे दुःखी स्वर्गीय पक्षी. अंगाचा मळकट तपकिरी रंग त्याच्या डोळ्यांपुढे असावा. पुढे साळुंकी स्वर्गातून खाली आली आणि ॲक्रिडोथेरेस, म्हणजे टोळांची शिकारी झाली, पण उदासपणा आडनावासारखा चिकटून राहिला. बोईसर स्टेशनच्या पत्र्यावर दोन साळुंक्या एका वड्याच्या तुकड्यावरून एकमेकींची पिसं ओढतात, तेव्हा त्यांच्यात दुःखी कोण, हे फक्त वडा ज्याच्या हातून पडला त्याला विचारावं.

शिंप्याची तर जातच बदलली. पानं शिवून घरटं करणारा हा इवलासा पक्षी मराठीत शिंपी, इंग्रजीत शिंपी, हिंदीत दर्जी. पेनंट या ब्रिटिश लेखकानं १७६९ मध्ये त्याला ‘सुटोरियस’ केलं, आणि लॅटिनमध्ये सुटोर म्हणजे चपला शिवणारा मोची. काकांच्या गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत शिंप्यानं एकदा घरटं केलं. दोन पानांच्या कडा जवळ घेतलेल्या, चोचीनं पाडलेलं प्रत्येक भोक टाचणीच्या टोकाएवढं, त्यातून कापसाचा धागा ओवलेला आणि बाहेरच्या बाजूनं तो कापूस बोंडासारखा फुगवून अडकवलेला, की ओढलं तरी निसटू नये. काकूंनी चष्मा लावून टाके पाहिले आणि निकाल दिला, “मोची नाही हो. हा फॉल-बिडिंगवाला आहे.”

दयाळाच्या नावावरून मात्र एकोणिसाव्या शतकात पंडितांची जुंपली होती. लिनियसनं त्याला ‘सॉलॅरिस’ म्हटलं. जर्डन म्हणाला, इंग्रज लोक दयाळाला ‘डायल बर्ड’ म्हणत. लिनियसला ती सावलीच्या घड्याळाची डायल वाटली, म्हणून तो ‘सोलॅरिस’ लिहायला गेला आणि लिहिताना हात घसरला. ब्लाइथ म्हणाला, छे, हिंदुस्थानात त्याला ‘सौलरी’ म्हणतात, त्याचंच ते लॅटिन. मद्रासहून बल्कली नावाच्या डॉक्टरनं याच नावानिशी तो पक्षी विलायतेला पाठवलाही होता. दोघेही पक्षितज्ज्ञ मोठे. दयाळ दोघांच्याही खिडकीत गात असणार.

पिंगळ्याशी आपलं नातं जुनं. पहाटे कुडमुडं वाजवत दारात येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. त्या छोट्या घुबडाचं शास्त्रीय नाव अथीनी ब्रामा: ग्रीकांची ज्ञानदेवता अथीना आणि आपले ब्रह्मदेव. लग्न टेमिंक या डच पंडितानं १८२१ मध्ये लावून दिलं, पत्रिका न बघता. इतकं करून आपण घुबड हा शब्द अजून शिवी म्हणूनच वापरतो.

त्याच्याच भावकीतल्या रानपिंगळ्याची कथा मात्र पोलिसांत जाण्यासारखी आहे. १८७२ च्या डिसेंबरात ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्यानं आजच्या छत्तीसगडमध्ये एक वेगळाच पिंगळा टिपला आणि ॲलन ह्यूमकडे पाठवला. होय, पुढे १८८५ मध्ये काँग्रेस स्थापणारेच ह्यूम. त्याआधी ते पक्ष्यांचे वेडे होते, आणि ते वेड संपलं कशानं, तर रद्दीनं. त्यांची वर्षानुवर्षं जमवलेली पक्ष्यांवरची हस्तलिखितं नोकरानं सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावानं विकून टाकली. तर या ह्यूमनी १८७३ मध्ये नव्या पिंगळ्याचं नाव ठेवलं हेटेरोग्लॉक्स ब्लुइटी, म्हणजे ‘ब्लुइटचं वेगळं घुबड’. पुढं खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं तो आणखी टिपला, आणि १८८४ नंतर पक्षी गायब.

मग उगवले कर्नल मायनर्ट्‌झहागेन. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता, चिठ्ठीवर लिहिलेलं: १९१४, मांडवी, गुजरात. पुढची कित्येक वर्षं लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून चुकीच्या जागी पक्षी शोधत राहिले. अखेर अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी त्या कातड्यातला कापूस, टाके सगळं उलगडून पाहिलं. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना निघाला. साहेबांनी तो ब्रिटिश म्युझियममधून लंपास करून, नव्यानं भरून, वर खोटा पत्ता चिकटवला होता. गुजरात यादीतून काढल्यावर राहिला खानदेश, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन व त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. २०१४ मध्ये तो आपल्या तानसा अभयारण्यातही सापडला, म्हणजे जवळपास दाराशी.

काकूंना ही गोष्ट फार आवडते. “खोट्या पत्त्यावर इतकी वर्षं घुबड चाललं,” त्या म्हणतात, “आणि आमचा खरा पत्ता असून सिलिंडरवाला बाजूच्या विंगमध्ये जातो.”

सापडल्यावर तरी रानपिंगळ्याला स्वस्थता मिळावी, तर नाही. तो वेगळा मानून हेटेरोग्लॉक्स म्हणायचं की अथीनी घराण्यात घ्यायचं, यावर शास्त्रज्ञांचं मत पालटत राहिलं. डीएनए पाहिल्यावर कौल अथीनीच्या बाजूनं गेला. शंभर वर्षं हरवलेला पोरगा परत आला आणि घरच्यांनी आधी आडनावाचा वाद काढला.

जूनमध्ये येणारा चातक क्लॅमेटर जॅकोबिनस, म्हणजे ओरडणारा साधू. काळ्या-पांढऱ्या वेषातल्या डोमिनिकन बैराग्यांवरून. आणि भातखाचरात गोगलगायी टिपणारा उघड्या चोचीचा करकोचा अनास्टोमस ऑसिटान्स, म्हणजे जांभई देणारा. रात्रपाळीहून सुटलेल्या माणसाला हा पक्षी आवडतो, असा काकांचा अनुभव.

अलीकडे काकांना एक बातमी कळली. २०२४ च्या जुलैत माद्रिदला वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जागतिक संमेलनात मतदान झालं, आणि झाडांच्या नावातला ‘कॅफ्रा’ हा अपमानकारक शब्द बदलून ‘अफ्रा’ करायचं ठरलं. प्राण्यांच्या नावांची पंचायत वेगळी. तिनं आधीच सांगून टाकलं आहे की अशा कारणांसाठी नावं बदलायची नाहीत. काकांनी हे घरात रीतसर जाहीर केलं.

“म्हणजे झाडाचं नाव सुधारलं आणि झाडावरच्या बुलबुलाचं नाही?” काकूंनी विचारलं.

“नियम वेगळे आहेत गं.”

“मग त्याला म्हणावं, झाड हो,” काकू म्हणाल्या आणि कुकरची तिसरी शिटी झाली की चौथी ते पाहायला आत गेल्या.