पायाचं पासिंग चाळीस

आपल्याकडे टक्केवारी म्हटलं की आधी रस्त्याचं कंत्राट आठवतं. दुसरी टक्केवारी पायाची, म्हणजे तो किती अधू आहे याची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी ती किमान 40 लागते. संजय गांधी निराधार योजनेचं दारही तिथंच उघडतं. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर 80 लागतात. दहावीला पस्तिसात पास करणारं सरकार पायाच्या बाबतीत एवढं कडक आहे, आणि 39 वाला कागदोपत्री ठणठणीत! मोजणी मात्र बारकाईची. पाय आखूड असेल तर पहिला अर्धा इंच माफ, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4 टक्के. मग स्थिरतेच्या नऊ कसोट्या: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर आणि नुसत्या अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. प्रत्येकी 10, एकूण 90. मांडी आणि उकिडवं बसणं आठवणीनं घेणारा माणूस आपल्याच मातीतला, हे कबूल. पण किती लांब, दिवसातून कितीदा, डोक्यावर काय घेऊन आणि कुठल्या वाटेनं, हे या नऊ ओळींत कुठंच नाही. म्हणजे फरशीवरची चार पावलं आणि कोयनेच्या खोऱ्यातली पावसाळी पायवाट, दोन्हींचे गुण सारखेच.

अंतराची परीक्षा होते, पण ती फुकटात आणि बाहेर. वाडीवरून उतरून एसटी गाठायची, पाटण, मल्हारपेठ, उंब्रज करत तपासणीसाठी साताऱ्याचं सिव्हिल गाठायचं. जो पोहोचला त्याचं चालणं सिद्ध झालं. जो पोहोचला नाही, तो गैरहजर.

सैल सोडलं तर बोगस दाखल्यांचं पीक येईल, असं म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून केवढा गदारोळ झाला! पण बनवाबनवी पकडायची तर कागद उलटेपालटे करावे लागतात. त्यापायी खरोखर अधू असलेला गुडघा आणखी दोनदा वाकवून काय हाती लागणार? माप सगळ्यांना एकच हवं, हेही खरं. मग एकच ठेवा, फक्त त्यात अंतर घाला. ब्रिटनमध्ये 2013 पासूनच्या दिव्यांग भत्त्यात 20 मीटर चालण्याची रेषा आहे. तिच्यावर तिथं भरपूर टीका होते, पण चालणं अंतरानं मोजायचं असतं, एवढं तरी त्यांना सुचलं. आपल्याला सुचायचीही गरज नव्हती. आपल्याच कायद्याच्या व्याख्येत शरीरातल्या उणिवेबरोबर भोवतालचे अडथळेही लिहिलेले आहेत. ते तक्त्यापर्यंत उतरता उतरता वाटेतच अडखळले, इतकंच.

तेव्हा दहावी ओळ घाला: घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत किती चालावं लागतं आणि वाट कशी आहे. त्याला डॉक्टर लागत नाही, तलाठी पुरे. तोवर दिव्यांगांच्या कार्डांचे तीन रंग आहेत: 80 आणि त्यावर निळं, 40 पासून पुढं पिवळं. 39 वाल्याला पांढरं मिळतं.