हवा काढू नका

मे महिना लागला की विदर्भातल्या गाड्या काशीला निघतात. नागपूर, शिवनी, जबलपूर, रीवा, मिर्झापूर. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा जुना सात नंबरचा हायवे तो हाच. गाडीत सात माणसं, टपावर बॅगा, आणि निघताना कुणीतरी काका हमखास बजावतात, "ऊन फार आहे रे, हवा दोन-तीन पॉइंट कमीच ठेव, नाहीतर टायर फुटेल."

काका, हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. कृपा करून देणं थांबवा.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. तार सारखी वाकवली की तापते, तसं आतलं रबर आणि धागे तापतात. त्यात भरलेली गाडी, ताशी शंभरचा वेग आणि खाली तापलेलं डांबर. अशा वेळी टायर फुटतो तो आतून तापून, हवा जास्त झाली म्हणून नव्हे. चालताना हवा चार-पाच पीएसआय वाढणारच, हे धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. बहुतेक गाड्यांना तिथे दोन आकडे असतात, एक कमी माणसांचा, दुसरा भरलेल्या गाडीचा. काशीयात्रेला दुसरा. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही.

दाराच्या चौकटीवरचा आकडा थंड टायरचा आहे, आणि घोळ इथेच होतो. भर दुपारी रीव्याच्या अलीकडे पंपावर थांबता, काटा ३८ दाखवतो, पोरगा मशीनवर ३३ लावतो आणि मशीन वरची हवा सोडून देतं. टायर गार झाला की तीच हवा २८-२९ वर येते. म्हणजे पैसे न मोजता, आपल्या डोळ्यांदेखत, आपण टायर कमकुवत करून घेतला! गरम टायरची हवा काढायची नाही. गरम असूनही काटा कंपनीच्या आकड्याखाली असेल तर मात्र लगेच भरा, नंतर पंक्चर तपासा.

काशीत ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या मराठी घरात उतरा की धर्मशाळेत, त्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. ती लांब पार्किंगमध्ये रात्रभर उभी राहते, तेव्हा परतीच्या दिवशी पहाटेच मापून घ्या. खिशात मावणारा गेज बाळगा. हवा भरल्यावर वॉल्व्हवर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर वॉल्व्ह गळतोय. टोपी घट्ट लावा. आणि गंगाजलाचे कॅन डिकीत रचण्याआधी स्टेपनीची हवा बघा, नंतर ती कुणी बाहेर काढत नाही.