पिटमधला बाप

गो-कार्ट शर्यतीच्या ट्रॅकवर हेल्मेटमधलं पोर कुणाचं ते कळत नाही, पण त्याचा बाप लांबूनही ओळखू येतो. गळ्यात स्टॉपवॉच, खिशात हवेचा गेज, नखांत ग्रीस आणि चेहरा लग्नातल्या वधूपित्यासारखा: राबायचं सगळ्यात आधी, जेवायचं सगळ्यात शेवटी. याच्याविषयी लोकांचं निदान ठरलेलं असतं. याला स्वतःला रेसर व्हायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून आता पोराला पिळतोय. मला हे पटत नाही. माझ्या मते हा बाप हुकलेल्या महत्त्वाकांक्षेतून नव्हे, तर कार्ट नावाच्या यंत्राच्या गरिबीतून जन्माला येतो.

आर्ट इंगल्सने 1956 साली कॅलिफोर्नियात पहिलं कार्ट केलं ते पाइपची चौकट आणि गवत कापायच्या यंत्राचं इंजिन जोडून. तेव्हापासून या वाहनाला ना स्प्रिंगा, ना शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ना डिफरन्शियल. मागची दोन्ही चाकं एकाच एक्सलला घट्ट बांधलेली, त्यामुळे वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी मोकळी वळते, नाहीतर घासटत जाते. ते उचललं जावं म्हणून अख्खी चॅसिस बेतानं पिळवटावी लागते. मोटारीत असली कामं यंत्र परस्पर उरकतं, इथे ती बापाच्या गळ्यात पडतात. मागचं चाक पाच मिलिमीटर आत घे, टायरमधली हवा अर्धा पीएसआय सोड, स्प्रॉकेट एका दाताने मोठं लाव. कार्टच्या रोटॅक्स इंजिनाला सील असतं, ते तोडायची सोय नाही, म्हणून याची सारी प्रतिभा कार्बोरेटरच्या जेटवर एकवटते. ऊन तापलं की जेट बदल, ढग आला की मान वर. त्यातच किमान वजनाचा नियम गाडी आणि चालक मिळून लावतात, आणि कमी पडलं तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टाने आवळायच्या. त्यामुळे पोरानं सकाळी पोहे दुसऱ्यांदा घेतले की आई सुखावते आणि बाप पाना शोधू लागतो: चला, दोनशे ग्रॅम शिसं उतरवता येईल!

पुरावाही याच बाजूचा आहे. फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेल्या पोरांची घरं बघा. मायकेल शूमाखरचे वडील गवंडी. पोर चार वर्षांचं असताना त्यांनी त्याच्या पायडलच्या गाडीला मोपेडचं इंजिन बसवलं आणि पोरानं ती दिव्याच्या खांबावर नेऊन आदळली. शहाण्या घरात अशा वेळी इंजिन काढून घेतात. या घरानं पोराला कार्टिंग क्लबात घातलं, पुढे वडील केर्पेनचा ट्रॅक सांभाळू लागले आणि आई तिथलं कॅन्टीन. लुईस हॅमिल्टनसाठी वडील अँथनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करत. एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी तर घर विकून कॅराव्हॅनमध्ये संसार मांडला. यांतल्या कुणाचीही रेसिंगची गाडी चुकलेली नव्हती.

यावर हमखास पुढे केलं जाणारं नाव म्हणजे योस व्हर्स्टापेन. हे स्वतः फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवलेले. 2012 मध्ये इटलीतल्या सार्नोच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या पोरानं, मॅक्सनं, ओव्हरटेकच्या घाईत हातची शर्यत घालवली, तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी त्याला पेट्रोल पंपावर उतरवून गाडी पुढे हाकली, हे जगजाहीर आहे. त्याचं समर्थन करायचं कारण नाही. पण मॅक्सच्या कार्टची इंजिनं योस स्वतःच्या हातानं जुळवत, हेही तितकंच खरं. म्हणून माझं म्हणणं, पंपावरचा तो राग बापाचा नव्हता, मेकॅनिकचा होता. बापाला पोर दिसलं असतं, मेकॅनिकला इंजिन दिसत होतं.

हा पैसेवाल्यांचा शौक आहे, हा आक्षेप मात्र निमूट मान्य. पण मग पैसा असून हे गृहस्थ ग्रीसमध्ये हात का घालतात? खरं तर आपल्याकडे बरीच पोरं संघाकडून उतरतात आणि पाना संघाच्या मेकॅनिकच्या हातात असतो. तरीही बाप गप्प राहत नाही. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे. फाउंड्र्या आणि लेथ मशिनांच्या त्या गावात बापाला स्वस्थ बसवणं अवघडच. तो पगारी मेकॅनिकच्या मागे उभा राहून दर पाच मिनिटांनी विचारणार, ‘भावा, हवा बघितलीस न्हवं?’ क्रिकेटवाल्या पोराच्या बापाला हे सुख नाही. नेटबाहेर किट सांभाळत बसायचं आणि ‘कोपर वर’ म्हणून ओरडायचं, एवढाच त्याचा वाटा. कार्टिंगमध्ये दोन फेऱ्यांच्या मध्ये खरोखर काहीतरी पिळता येतं, आणि पोराशी एरवी तीन वाक्यंही न बोलणाऱ्या माणसाला ‘पुढचं घसरतंय की मागचं?’ असा नेमका प्रश्न मिळतो.

लोकांचं निदान खरं असतं, तर दहावीच्या वर्षी पोरानं हेल्मेट खुंटीला टांगल्यावर हा माणूस खचायला हवा होता. तसं होत नाही. कार्ट विकायचा विषय निघाला की तो चेनला तेल घालायला उठतो. मे महिन्यात बहीण माहेरपणाला आली की आठ वर्षांच्या भाच्याला आधी वजनकाट्यावर उभा करतो, आकडा वाकून बघतो आणि बहिणीला धीर देतो, ‘जरा हडकलाय, पण असू दे. शिसं लावू.’