चौथी शिट्टी

भाचीचा फोन आला. "मामा, तुझा हॉल लोकेशन म्हणून एकदम मस्त आहे." वीस वर्षं हप्ते फेडताना मी ज्याला घर म्हणत होतो, ते लोकेशन निघालं. तिला कॉलेजसाठी पाच मिनिटांची फिल्म करायची होती. गोष्ट एवढीच: एक म्हातारं जोडपं चहा पितं, मुलाचं पत्र येतं, दोघं एकमेकांकडे बघतात. म्हातारं जोडपं शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

शनिवारी सकाळी सातला सात मुलं आली. भाचीने आधी शॉट समजावले. लाँग शॉटमध्ये माणूस आणि भोवतालची जागा सगळंच दिसतं, मिड शॉटमध्ये कमरेपासून वर, क्लोजअपमध्ये नुसता चेहरा. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लाँग शॉट असेल तर हॉल आवरायचा, मिड शॉटला सोफा आवरला तरी भागतं, आणि क्लोजअपला पसारा चालतो." याहून चांगली व्याख्या मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

पॅन म्हणजे कॅमेऱ्याने जागच्या जागी मान डावी-उजवीकडे वळवणं. समोरच्या बाल्कनीतले आजोबा सोसायटीत शिरणाऱ्या प्रत्येक स्कूटरवर दिवसभर पॅन करत असतात. तीच मान वर-खाली केली की टिल्ट. झूम आणि ट्रॉली मला एकच वाटायचं, पण तसं नाही. झूममध्ये कॅमेरा हलत नाही, भिंगच काम करतं. ट्रॉलीत कॅमेरा स्वतः जवळ जातो. झूम म्हणजे खुर्चीत बसूनच "कोण आहे?" ओरडणं, आणि ट्रॉली म्हणजे उठून दार उघडणं. ट्रॉलीला पैसे नव्हते, तेव्हा कॅमेरावाला आमच्या सतरंजीवर बसला आणि दोघींनी त्याला फरशीवरून हळूहळू ओढत नेलं. शॉट छान आला. फरशीही पुसून निघाली.

सगळ्यात कडक होता तो कानाला हेडफोन लावलेला आवाजवाला मुलगा. त्याने आधी पंखा बंद करवला, मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून बेडरूममध्ये उशीखाली ठेवलं, शेवटी फ्रीजही बंद केला. आणि स्वतःच्या बाइकची किल्ली फ्रीजमध्ये ठेवून दिली. कोथिंबीर काढायला गेलेल्या बायकोच्या हाती ती गार किल्ली लागली. "घरी जाताना किल्ली लागणारच ना काकू," तो म्हणाला, "म्हणजे फ्रीज चालू करायची आठवण राहते." हल्लीच्या पिढीबद्दलचं माझं मत तिथेच थोडं सुधारलं.

खरा छळ कंटिन्युइटीचा. एकच प्रसंग आधी लांबून घेतात, मग माझ्या बाजूने, मग तिच्या. नंतर तुकडे जोडतात. त्यामुळे लांबच्या शॉटमध्ये ज्या शब्दावर मी कप उचलला, त्याच शब्दावर, त्याच हाताने, तेवढाच भरलेला कप जवळच्या शॉटमध्येही उचलायला हवा. एक मुलगी दर शॉटनंतर मोबाइलवर फोटो काढून कप, बशी, चष्मा तपासायची. चहा रेषेपर्यंत परत भरला जाई. पाचव्या टेकला त्यावर जाड साय आली होती आणि मी ती मिशीला लावून घेतली. मग पुढच्या प्रत्येक शॉटला मिशीवर साय हवी, म्हणून ती मुलगी चमचा घेऊन माझ्यापुढे उभी.

दोन माणसं समोरासमोर बसली की त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरतात, आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. एकदा कॅमेरावाला चुकून पलीकडे गेला. लॅपटॉपवर बघितलं तर आम्ही एकमेकांकडे न बघता दोघंही एकाच भिंतीकडे बघतोय असं दिसत होतं. बत्तीस वर्षांच्या संसारानंतर ते फारसं खोटं नव्हतं, पण भाचीने तो शॉट काढून टाकला.

दुपारी खिडकीतला उजेड कमी पडला. थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला की उजेड त्यावर आपटून चेहऱ्यावर येतो. धरायला माणूस कमी पडला, म्हणून तो बायकोच्या हातात दिला. तिला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, की 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही अशाच पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, फिल्मला भोकं पाडत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. तारामतीचं काम मात्र अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, आणि तो उपाहारगृहातला आचारी होता.

"म्हणजे आचारी कॅमेऱ्यासमोर आणि बाई चुलीसमोर," बायको तक्ता न हलवता म्हणाली. "पद्धत जुनीच आहे."

शेवटी एकमेकांकडे बघण्याचे क्लोजअप राहिले. कॅमेरा तिच्या जागी, म्हणून ती समोर नाही. मी एका लाइटच्या स्टँडला चिकटवलेल्या निळ्या टेपकडे प्रेमाने बघायचं. प्रेम कसं आणायचं ते काही सुचेना. डोक्यात सकाळपासून बंद असलेल्या फ्रीजमधलं दूध होतं. मग तिचा क्लोजअप, तोही टेपकडेच बघून. हे शॉट म्यूट, म्हणजे आवाज घ्यायचाच नाही. हे कळल्याबरोबर बायकोने सात मुलांच्या जेवणाचा कुकर गॅसवर ठेवला.

पंधरा दिवसांनी भाची लॅपटॉप घेऊन आली. पत्र येतं, माझा चेहरा, तिचा चेहरा, परत माझा. माझ्या डोळ्यांत मुलाची काळजी, बायकोबद्दलची माया, म्हातारपण, सगळं दाटून आलेलं. दुधाचा कुठे पत्ता नाही. भाची म्हणाली, रशियात शंभरेक वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने हेच केलं होतं म्हणे: एका नटाचा एकच कोरा चेहरा, पुढे कधी सूपची वाटी जोडली, कधी शवपेटी; आणि लोकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख.

पण मी बायकोच्या क्लोजअपवरच अडकलो होतो. जरा वर उचललेली हनुवटी, थांबलेला श्वास, कशाची तरी वाट बघणारे डोळे. इतकी हळवी ती मला लग्नाच्या अल्बममध्येही दिसलेली नाही.

"काय गं," मी हळूच विचारलं, "काय आलं होतं तेव्हा तुझ्या मनात?"

"तीन झाल्या होत्या," ती म्हणाली. "चौथी होत नव्हती."