ओबीची बढती

नागपूरहून सावनेरकडे जा की वणीकडे, सपाट मुलखात मध्येच डोंगर उभे दिसतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, सातपुड्याचं एखादं पिल्लू वाट चुकलं. तो ओबी. ओव्हरबर्डन म्हणत बसायला इथे कुणाला वेळ नाही. उघड्या खाणीत टनभर कोळसा हाती लागायचा तर चार-पाच घनमीटर माती-दगड आधी उपसावा लागतो आणि तो रचतात गावाच्या उशाला. पावसाळ्यात तो शेतात उतरतो, उन्हाळ्यात अंगणातल्या कुरडयांवर.

या ढिगाऱ्यात वेकोलिला, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सला, रेती दिसली. भानेगावला प्रयोग झाला, मग गोंडेगाव खाणीजवळ दिवसाला २५०० घनमीटरचा कारखाना. फोडा, चाळा, धुऊन चिकणमाती काढा, रेती तयार. नागपूर सुधार प्रन्यासने ती पंतप्रधान आवासच्या घरांना वापरली. वेकोलिने सांगितलेला खर्च घनमीटरला १६० रुपयांच्या आसपास, म्हणजे ब्रासला साडेचारशे. २०२३ मध्ये महसूल खात्याने ६०० रुपये ब्रासची रेती जाहीर केली होती. ती प्रत्यक्ष घरी उतरवून घेतलेला माणूस मी अजून शोधतोय.

चमत्कार यात काहीच नाही. कोळशावर बसलेला कामठीचा वालुकाश्म म्हणजे पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली रेतीच. कन्हान नदीची रेती रात्रीच्या टिप्परमधून गेली, आता त्या मेलेल्या नद्यांची काढतोय. त्यांचे घाट लिलावात काढावे लागत नाहीत, तेवढाच तहसीलदाराला आराम.

ओळखीच्या मिस्त्रीने ही रेती मूठभर घेतली, तळहातावर चोळली, झटकली. हाताला गाळ राहिला नाही. ‘‘चालते भाऊ,’’ तो म्हणाला, ‘‘फक्त नदीची म्हणून भाव नका लावू.’’

ढिगारा होता तोवर सगळं गावाचं होतं. धूळ गावाची, बुजलेला नाला गावाचा, विहिरीतला गढूळपणाही गावाचाच. रेती निघाली आणि कागदावर तिचं ‘गौण खनिज’ झालं. गौण म्हटलं की आपल्याकडे हक्कदार मुख्य होतात. स्वामित्वधन राज्याचं, माल कंपनीचा, वाहतुकीचा ठेका कुणाचा ते फ्लेक्सवर बघा. गावाच्या वाट्याला टिप्पर आले.

कुरडया यंदा घरात, पंख्याखाली वाळताहेत.