कजगर परणम

वेबसाइट करायची ठरली की 'आपल्याला काय हवं' असं सभेत कुणी विचारत नाही. 'त्यात काय काय मिळतं?' असं विचारतात. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळातही तेच झालं. मी जँगो या फ्रेमवर्कचं नाव घेतलं, त्यात काय काय आयतं येतं ते सांगितलं, आणि कार्यकारिणी रुखवत बघायला आल्यासारखी एकेका वस्तूवर बोट ठेवू लागली. हे हवं. हेही असू दे. ते कशाचं आहे? नक्की लागेल का सांगता येत नाही? मग ठेवाच.

सचिवांना नकाशा हवा होता. जँगोत नकाशांसाठी अख्खा वेगळा विभाग आहे. कुठली जागा कुठल्या हद्दीत, कोण किती लांब, सगळं त्याला कळतं. पण आमच्याकडे पाहुण्याला पत्ता देतात तो असा: 'गोलबाजारात या आणि कुणालाही विचारा.' ही सेवा वीज गेली तरी चालू राहते. नकाशा गेला.

उपाध्यक्ष काकूंना प्रत्येक पानाखाली प्रतिक्रियांची सोय हवी होती. मग गणपतीतल्या नाटकाची पात्रनिवड जाहीर झाल्यावर त्या जागी काय काय लिहिलं जाईल, हे त्यांचं त्यांनाच दिसलं असावं. त्या चहाचं बघायला उठल्या. जँगोसोबत ही सोय पूर्वी खरोखरच यायची. 2015 साली 1.8 आवृत्तीत ती काढून टाकली. तिकडेही नाटकं बसवत असतील.

'एवढं अवजड कशाला? फ्लास्क घ्या, सुटसुटीत आहे,' एक इंजिनिअर भाचा म्हणाला. सल्ला वाईट नव्हता. पण फ्लास्कचा जन्म 2010 मधल्या एप्रिल फूलच्या थट्टेतून झाला, हेही त्यानं उत्साहानं सांगून टाकलं. खजिनदार काका खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, 'थट्टेतून निघालेल्या वस्तूत मी वर्गणीचा हिशेब ठेवत नसतो.'

जँगो थट्टेतून नाही, घाईतून निघालं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते तयार झालं आणि 2005 च्या जुलैत सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदाराला कोड येत नाही आणि बातमी तर आत्ता चढवायची आहे, म्हणून त्यात माहिती भरायची खोली आयतीच बांधून दिली: अ‍ॅडमिन. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. 1928 च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो असले सूर काढायचा की दहा बोटंवाल्यांनी गिटार खाली ठेवावी. आमच्या कार्यकारिणीला मात्र दहाही बोटं हवी होती, शिवाय पायांची.

माझ्या मते अ‍ॅडमिन ही एकच वस्तू घेतली तरी मंडळाचं भागतं. त्यात अधिकार वाटून देता येतात: नोंद भरणे, बदलणे, पुसणे, बघणे. 'बघणे' सगळ्यांनाच हवं होतं, 'पुसणे' माजी अध्यक्षांना फार हवं होतं, आणि 'भरणे' म्हटल्यावर एकदम सगळ्यांना नातवंडांच्या परीक्षा आठवल्या. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते, हे कळल्यावर 'पुसणे'ही कुणी मागेना.

तरी आयत्या वस्तूंची खोड अशी की त्यांना जबलपूर माहीत नसतं. नवा प्रकल्प उघडला की घड्याळ जागतिक वेळेवर असतं. रात्री नऊला घेतलेली वर्गणी दुपारी साडेतीनची दिसली. काका म्हणाले, 'साडेतीनला मी झोपलेला असतो, कुणालाही विचार.' अनेकवचन तर जँगो नुसतं इंग्रजी 'एस' जोडून करतं, त्यामुळे यादीच्या मथळ्यावर 'सभासद' या शब्दाला शेपूट फुटलं होतं. या दोन्ही गोष्टी एकेका ओळीनं सुटतात.

पानाचा पत्ता शीर्षकावरून आपोआप बनवणारी सोय मात्र और आहे. मराठी शीर्षक दिलं तर आधी ती काहीच देत नाही, कोरा पत्ता. तिला युनिकोड चालवून घ्यायला सांगितलं की अक्षरं राहतात, पण काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळे खलास, कारण जँगो ज्या भाषेत लिहिलंय त्या पायथनच्या लेखी ती अक्षरंच नव्हेत. दत्त मंदिराचं झालं 'दतत-मदर'. हळदीकुंकू 'हळदकक'. आणि भेडाघाटच्या कोजागिरी पौर्णिमेच्या सहलीचं पान उघडलं 'कजगर-परणम' या पत्त्यावर. काकूंनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, 'हे आपले नवे प्रायोजक का?'

ही सोय मी काढून टाकली. कोजागिरीच्या पानाचा पत्ता आता नुसता आकडा आहे. ज्यांना संगमरवराच्या कड्यांमधून चांदण्यात नावेनं जायचं आहे त्यांनी तिथे नाव नोंदवावं. फॉर्म उघडला नाही तर खजिनदार काकांना गाठा, ते वहीतही लिहून घेतात. फक्त साडेतीनला जाऊ नका.