लंडनला असतो, म्हणजे वोकिंगला

आमच्या बहिणीचा मुलगा ‘लंडनला असतो’. लंडनला असणं म्हणजे सरे परगण्यातल्या वोकिंग गावी असणं. डोंबिवलीचे लोक गावाकडे गेल्यावर मुंबईचे होतात, त्यातलाच प्रकार.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून जलद गाडीने जेमतेम अर्धा तास. डबा गच्च भरलेला, पण चौथी सीट नाही, भजन नाही, शेंगा निवडणं नाही. शेजारच्या गृहस्थांना मी सहज विचारलं, “उतरणार कुठे?” त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग धोक्याच्या बटणाकडे.

भाच्याच्या घरी सत्ता कचऱ्याच्या डब्यांची. कागद-बाटल्यांचा एक, खरकट्याचा छोटा, उरलेल्याचा आणखी एक. कोणता डबा कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचा, याचं पंचांग फ्रिजवर लावलेलं. “मामा, चहाची पावडर इकडे नको, त्या डब्यात,” असं भाचेसून इतक्या गोड आवाजात म्हणाली, की पुढे मी चहाच कमी केला.

सकाळी साडेसातला भाचा स्टेशनवर पळतो. सगळं गावच पळतं. पळायचंच, कारण इथे आधी स्टेशन आलं, मग गाव. 1838 मध्ये मोकळ्या माळावर स्टेशन उघडलं तेव्हा उतरून जायचं कुठे, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर काढलं मेलेल्यांनी. लंडनच्या दफनभूमींत जागा उरली नाही, तेव्हा एका कंपनीने इथली माळरानं विकत घेतली आणि 1854 पासून वॉटर्लूहून थेट ब्रुकवुडच्या दफनभूमीत खास गाडी सोडली. त्या गाडीत मेलेल्यांनाही पहिला, दुसरा, तिसरा वर्ग होता. शवपेटीला एकेरी तिकीट, नातेवाइकांना परतीचं. इंग्रजांच्या हिशेबीपणाला माझा तिथेच दंडवत. भाडं कायद्यानेच बांधून दिलेलं, त्यामुळे वर्षानुवर्षं स्वस्त. मग म्हणे गोल्फ खेळायला निघालेले लोकही काळे कपडे घालून, चेहरा पाडून याच गाडीत चढायचे. 1941 मध्ये वॉटर्लूजवळच्या तिच्या स्टेशनवर बॉम्ब पडला आणि ही सेवा संपली. कंपनीने जादा जमीन त्याआधीच हळूहळू जिवंतांना विकली होती. भाच्याने आपल्या पासाची वर्षाची रक्कम सांगितली, तेव्हा काळे कपडे घालावेत असं मलाही वाटलं.

गावाच्या मध्यभागी देव नाही, राणी नाही. तीन लांब पायांचं 7 मीटर उंच पोलादी मंगळयंत्र उभं आहे, एका कादंबरीतून आलेलं. तिचा लेखक एच. जी. वेल्स 1895 मध्ये इथे राहायला आला, सायकल शिकला आणि तीवरून हिंडत कोणाकोणाला कादंबरीत मंगळवासीयांच्या तोंडी द्यायचं हे ठरवू लागला. कादंबरीतलं पहिलं यान जवळच्या हॉर्सेल कॉमनवर उतरतं. शेजाऱ्यांवरचा राग काढायची ही रीत आपल्या सोसायटीच्या सभेपेक्षा खूपच सभ्य. वेल्सने गाव कागदावर उद्ध्वस्त केलं. पालिकेनेही कागदच वापरले. कर्ज काढून उंच मनोरे उभे केले आणि 2023 मध्ये आपल्याला खर्च झेपत नसल्याची रीतसर नोटीस काढली.

इथली शहाजहान मशीद मात्र डोळे निववते. हिरवा घुमट, आजूबाजूला पाइनची झाडं. 1889 ची, ब्रिटनमधली मशीद म्हणूनच बांधलेली पहिली. नाव भोपाळच्या बेगमेचं, काही पैसाही तिचाच. बांधून घेतली लाहोरहून परतलेल्या डॉ. लाइटनर यांनी. लंडन पाहायला निघालेला माणूस भोपाळला पोचतो तो असा.

एका गुरुवारी भाच्याने ‘घरून काम’ जाहीर केलं आणि मला ब्रुकवुडला नेलं. वोकिंगहून पुढचंच स्टेशन.

“परतीचं काढलंस ना रे?” मी तिकिटाकडे पाहत विचारलं.

तिथे झाडांच्या गर्दीत पारशांचा स्वतंत्र भाग आहे. जमशेटजी टाटा 1904 मध्ये जर्मनीत वारले आणि त्यांना इथे आणलं. पुढे त्यांचे मुलगेही, रतनजी आले, दोराबजी आले. दगडी समाध्या, वर ओलं शेवाळ. भाचा याच घराण्याच्या एका कंपनीच्या पगारावर विलायतेला आलेला. त्याने बूट पुसले, शर्ट खोचला आणि हात जोडले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ऑफिसचा.

“हो सर, घरीच आहे,” म्हणत तो ओकच्या एका जाड खोडाआड गेला, जमशेटजींना दिसणार नाही असा.